पाकोळ्यांची माडी

१ ऑगस्ट, पहाटे ५

नवी वही. आधी सगळ्यांची विचारपूस. आई सांगायची, कागदावर काहीही लिहायच्या आधी एकेकाचं कसं आहे ते विचारावं, मग आपलं रडगाणं.

तर – बायको जुमरिया: तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. मुलगी नोर: बांजारमासिनला सासरी, सातवा महिना, पाय सुजतात, भूक भरपूर. जावई: आहे. डावा गुडघा: बरा. उजवा गुडघा: डाव्याच्या जिवावर. मोटरसायकल: सकाळी खोकते. पक्षी हाकायची गॅसची तोफ: तीन बारांतला एक फुसका. धावपट्टीच्या गटारातले बगळे: एकतीस. एक लंगडा होता तो दिसत नाही, असेल तिथे सुखी असो. माझे कान: ठणठणीत. अलीकडे लोकच हळू बोलतात. माडीवरच्या पाकोळ्या: अजून यायच्या आहेत.

आता कामाचं. विमानतळावर पक्षी हाकायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली. सगळे मला काई म्हणतात, म्हणजे आजोबा. नातवंड अजून व्हायचंय, पदवी आधीच मिळाली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पक्ष्यांनी शिकवलं.

काल आमचे साहेब पाक तुंबुर यांनी मीटिंग घेतली. माणूस धिप्पाड, आवाज मात्र सुईसारखा. मला शेजारच्याकडून समजून घ्यावं लागलं. विमान कंपनीचं पत्र आलंय: या महिन्यात पक्ष्यांनी तीनदा त्रास दिला तर आमच्या गावचं विमान नव्या वर्षापर्यंत बंद. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. छातीवर हात ठेवून म्हणालो, शून्य. लिहून घ्या. साहेबांनी लिहून घेतलं नाही, म्हणून इथे लिहितोय. शून्य.

विमान बंद होऊन चालणारच नाही. नोर २९ तारखेच्या संध्याकाळच्या विमानानं बाळंतपणाला येतेय. त्यानंतर तिला विमानात घेणार नाहीत, दिवस भरत येतील. आणि रस्ता अकरा तासांचा, निम्मा खड्डे आणि निम्मा खड्ड्यांना वळसे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रस्त्याचं नावही काढू नका. जुमरियानं बाळाची पिवळी झोळी शिवून, घडी करून, उशाशी ठेवली आहे.

संकल्प: धडका शून्य. माडीवर पाकोळ्या. पक्षी हाकण्यावर माझं पुस्तक, प्रकरणं दहा. गोड कमी.

२ ऑगस्ट

गोड उद्यापासून. शेजारीण रुसमीनाच्या गाडीवर केळ्याची भजी गरम होती, तिचं मन मोडवेना.

माडीचं लिहायचं राहिलं. गावात ज्याच्या घराला वरचा मजला आहे त्यानं तो पाकोळ्यांना दिलाय. खिडक्या विटांनी बुजवायच्या, एक भोक ठेवायचं, आत अंधार आणि ओल, आणि स्पीकरवर पाकोळ्यांची हाक दिवसभर. पाकोळ्या येतात, थुंकीनं घरटी बांधतात, ती घरटी लांबची श्रीमंत माणसं सूप करून पितात. जुमरिया म्हणते, परक्यांनी थुंकी प्यावी म्हणून माझी शिवणाची खोली गेली. नोर आणि बाळ तिथेच झोपणार होते, ते आता काय छपरावर झोपणार का.

मी सांगितलं, नोर येईपर्यंत चार-सहा घरटी होतील. ती विकून मागच्या अंगाला नवी खोली. हिशेब पक्का आहे.

मग म्हणाली, दिवसभर पक्षी हाकता आणि घरी येऊन पक्षी बोलावता, लाज कशी वाटत नाही? यात लाज कसली. पोलीस दिवसभर चोरांना हाकतो म्हणून त्यानं घरी पाहुणे बोलावू नयेत की काय?

जुमरिया यावर गप्प बसली. पटलं असणार.

४ ऑगस्ट

आजचं काम चोख. ऑफिसच्या पेन ड्राइव्हला चीर गेली होती. त्यात घाबरलेल्या पक्ष्यांचा आक्रोश आणि ससाण्याची शीळ आहे. ते धावपट्टीच्या कडेला, मध्यावर असलेल्या स्पीकरवर लावलं की पक्षी पळतात. बाजारातल्या दुकानातून ते नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. त्याच दुकानात माडीसाठी पाकोळ्यांची खास हाकही घेतली. दुकानदार म्हणाला, काई, ही ऐकून पाकोळी नवऱ्यासकट येते.

दोन्ही पेन ड्राइव्ह लाल, अगदी जुळे. गोंधळ नको म्हणून जुमरियाच्या डब्यातला पांढरा दोरा एकाला बांधला, काळा दुसऱ्याला. कुठला कशाचा ते इथे लिहीत नाही. इतकी सोपी गोष्ट कोण विसरेल?

५ ऑगस्ट, सकाळी

जुमरियानं माझा शर्ट धुतला. खिशात दोन्ही होते. तिनं ते काढून तांदळाच्या डब्यावर वाळत ठेवले. मेहेरबानी.

पांढरा घ्यायचा की काळा यावर थोडी चर्चा झाली. ती म्हणाली, पांढरा ऑफिसचा. काल तुम्हीच म्हणालात, ऑफिसचा शर्ट पांढरा तसा दोराही पांढरा. मी असं म्हणणं शक्य नाही. विचार केला तर उघड आहे: पांढरा म्हणजे शुभ, स्वागताचा, तो घरचा. काळा म्हणजे भीतीचा, तो धावपट्टीचा. बायकांना रंगांतलं कळतं, पण त्यामागचं तत्त्व नाही.

काळा नेला. पांढरा माडीवर लावला.

६ ऑगस्ट

धावपट्टीवरचा स्पीकर लावला तर आवाजच येईना. डब्याला हात लावून पाहिला, थरथरत होता. म्हणजे चालू आहे. उंची आवाज असाच असतो, कानाला नाही, अंगाला कळतो.

माडीवरचा मात्र खणखणीत! काय ते आळवणं, काय ती तळमळ! मी पाकोळी असतो तर कामधंदा सोडून आलो असतो. मांजर घरातून पळालं. भुकेनं परत येईल.

८ ऑगस्ट

शेजारीण रुसमीना पहाटेपासून आमच्या दारासमोर पिवळा भात विकते. आज कमरेवर हात ठेवून आली. काई, म्हणाली, वर कुणाचा गळा कापताय? गिऱ्हाईकं चमचा तोंडापर्यंत नेतात आणि तसाच खाली ठेवतात. एकानं तर प्रार्थना म्हटली.

मी हसून समजावलं, ही पाकोळ्यांची प्रेमाची हाक आहे. ती म्हणाली, याला प्रेम म्हणत असतील तर आमचे हे लवकर गेले ते बरंच झालं.

बाई विधवा आहे, कडवटपणा येणारच. केळ्याची चार भजी घेतली, तिला तेवढाच दिलासा.

माडीवरच्या पालीसुद्धा निघून गेल्यात. पाहुण्यांसाठी जागा मोकळी करतायत.

९ ऑगस्ट

धावपट्टीवर सकाळी पाकोळ्या दिसल्या, चाळीसेक. स्पीकरभोवती घिरट्या घालत होत्या. घाबरल्यात बिचाऱ्या. पळायचं कुठे ते कळत नाही.

बगळे एकतीसचे छत्तीस झाले. लंगडाही परत आलाय! डोळ्यांत पाणी आलं.

१२ ऑगस्ट, सकाळी ८

एक. पण ही धरू नये.

सातचं विमान उतरताना एक पाकोळी काचेवर आली. विमानाला काही नाही, माणसांना काही नाही. काच पुसली आणि विमान परत गेलं. साहेबांनी बोलावून बराच वेळ काहीतरी विचारलं. मी आदरानं मान डोलावत राहिलो. बाहेर आल्यावर कारकुनानं सांगितलं, ते विचारत होते की चूक तुमची आहे हे मान्य आहे का, आणि काई, तुम्ही चार वेळा हो म्हणालात.

खरं कारण धूर. पलीकडे सुकलेल्या दलदलीत आग लागली आहे, पाकोळीला काच दिसली नसणार. आणि ती पाकोळी आपल्या तालुक्यातली नव्हती. मी गावच्या सगळ्या ओळखतो.

कुंपणापाशी पुरली. मुठीत मावेल एवढा जीव. वाईट वाटलं. शून्यच्या शेजारी एक कंस काढून ठेवलाय.

१५ ऑगस्ट

साहेबांनी कान तपासायला दवाखान्यात पाठवलं. नर्स माझ्या पाठीमागे उभी राहून काहीतरी बोलत होती म्हणे. मागून बोलणं ही कुठली रीत? मी तोंडावर बोलणाऱ्यांतला माणूस. तिनं कागदावर काहीतरी लिहून दिलं. अक्षर वाईट होतं, म्हणून साहेबांपर्यंत पोचवलं नाही.

जुमरियाला सांगितलं, कान उत्तम. ती म्हणाली, मग मघापासून मी काय विचारतेय? मी म्हणालो, हो. ती भात वाढायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली. कानात खोबरेल घातलं. खबरदारी म्हणून.

१७ ऑगस्ट, आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन

सकाळ सोन्याची. दोरीला टांगलेले पापड हात मागे बांधून खायच्या शर्यतीत म्हाताऱ्यांत पहिला! बक्षीस एक बादली. जुमरियाला दिली. म्हणाली, छपरातून गळतं तिथे ठेवीन.

संध्याकाळ

दोन.

पाचचं विमान निघताना पाकोळ्यांचा थवा आडवा आला, दोन-तीन पंख्यात गेल्या. वैमानिकानं विमान थांबवलं, सगळ्यांना उतरवलं, तपासणी झाली, तासाभरानं विमान गेलं. प्रवाशांना चहा द्यावा लागला. एक बाई मला म्हणाली, काई, एवढे पक्षी इथे जमतात तरी कशाला? मी म्हणालो, सुट्टीचा दिवस आहे, फिरायला निघाल्या असतील.

पण मन लागत नाही. आज तीन पुरल्या. आता एकच उरली. २९ पर्यंत बारा दिवस.

संकल्प: उद्यापासून पहाटे चारला कामावर. जेवण धावपट्टीवरच. गोड बंद. अगदी बंद. आजचं धरू नये, आज राष्ट्रीय सण.

१९ ऑगस्ट

साहेब रागावले आहेत, पण डोकं चालवतात. त्यांचं म्हणणं, गावातल्या पाकोळ्यांच्या घरांमुळेच हे होतंय. विमानतळापासून तीन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या माड्यांवरचे स्पीकर महिनाअखेरपर्यंत बंद करायची नोटीस निघाली. घरोघर द्यायचं काम माझ्याकडे. बावीस घरं.

प्रत्येकाला समजावलं: अरे, आपल्याच लेकीबाळी त्या विमानानं येतात, दहा दिवस कळ काढा. कुणी कुरकुरलं नाही. एकानं विचारलं, आणि काई, तुमची माडी?

माझं घर रस्त्यानं, मशिदीला आणि तळ्याला वळसा घालून, तीन किलोमीटर आणि वर दोनशे पावलं आहे. मी मोजली आहेत. पाकोळ्या वळसा घालत नाहीत असं कुणी म्हणेल. पण नोटिशीत तसं लिहिलेलं नाही. तरी नियमाचा मान म्हणून एक नोटीस स्वतःला दिली, सही घेतली आणि समज दिली.

२२ ऑगस्ट

बावीसही घरांनी स्पीकर बंद केले. गाव शांत झालं म्हणे. मला आधीही शांतच वाटत होतं.

नोरचा फोन आला. जुमरिया फोन कानाला लावते आणि नोर काय म्हणाली ते तिच्या आवाजात मला सांगते, अशी आमची पद्धत आहे. नोर मला, बापाला, अबाह म्हणते. तिनं विचारलं, अबाह, मागे कोण किंचाळतंय? मी म्हणालो, टीव्ही. मग म्हणाली, अबाह, विमान नक्की येईल ना? इथे सासूबाई चांगल्या आहेत, पण मला आईजवळ राहायचंय. रात्री भीती वाटते.

हे जुमरियानं मला सांगितलं तेव्हा तिचाही आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. तरी मला कळलं.

मी फोन घेतला आणि म्हणालो, पोरी, तुझा अबाह धावपट्टीवर उभा असेल. तू उतरशील तेव्हा आकाशात एक पीस दिसणार नाही.

२४ ऑगस्ट

पुस्तकाला सुरुवात. पहिल्या पानावर नाव, भोवती वेलबुट्टी. वेलबुट्टी छान जमली. प्रकरण पहिलं, पहिलं वाक्य: पक्ष्याला आवाजानं जिंकता येतं. पुढचं सुचल्यावर.

माडीवर चढून पाहिलं. एकोणीस दिवस झाले, एक पाकोळी नाही. सोमवारी एक वटवाघूळ भोकातून आत आलं, क्षणभर ऐकलं आणि भिंतीवर आपटत परत गेलं. जुमरिया शिडीच्या खाली उभी होती. म्हणाली, नोरच्या अबाह, त्या विटा काढा. खिडकी उघडा. झोळी कुठे बांधू मी? घरात येणार एक जीव, आणि खोली दिलीत ती न येणाऱ्यांना.

मी म्हणालो, चार दिवस थांब. मोठ्या घराण्यातल्या पाकोळ्या लगेच येत नाहीत, आधी चौकशी करतात.

ती काहीतरी म्हणाली. पाठमोरी होती, नीट कळलं नाही.

२७ ऑगस्ट

धावपट्टीवर पाकोळ्याच पाकोळ्या. गावातले स्पीकर बंद झाल्यावर या वाढल्याच कशा? शिवाय सगळ्या माझ्याच स्पीकरजवळ. साहेबांनी लांबून हातवारे केले. मी सलाम ठोकला.

खोल विचार केला. निष्कर्ष: आक्रोश कमी पडतोय. त्यांना सवय झाली. आवाज वाढवला पाहिजे.

२८ ऑगस्ट

स्टोअरमधून दुसरा स्पीकर काढला. मोठा, पूर्वी मिरवणुकीत वापरायचे तो. पहिल्याला जोडला. हात ठेवला तर दंडापर्यंत झिणझिण्या आल्या. वा!

तोफ साफ केली, सात बारांत एकही फुसका नाही. नारिंगी जॅकेट जुमरियानं इस्त्री केलं. ती उद्या कुंपणाशी येणार, डब्यात नोरच्या आवडीचं सुक्या माशाचं कालवण घेऊन. मांजरही आज कुंपणावर बसलेलं दिसलं. सगळं जुळून येतंय. एक खाट खालच्या खोलीत लावली, तात्पुरती. माडीचं नोर आल्यावर बघू.

शून्य, हे आता जमत नाही. पण दोनवर थांबणं हेही काही थोडं नाही.

२९ ऑगस्ट, दुपारी ३

दोन्ही स्पीकर पूर्ण आवाजात. मी जेवलो नाही. आकाश स्वच्छ, धूरही नाही. जुमरिया आत्ताच कुंपणाशी येऊन उभी आहे. हात केला. तिनंही केला. महिन्यात पहिल्यांदा.

२९ ऑगस्ट, संध्याकाळी ७

लिहितो. लिहिलं पाहिजे.

साडेचारला दहा-वीस होत्या. पावणेपाचला शंभर. मग मोजता येईनात. गावातल्या, नदीपलीकडच्या, कुठकुठल्या पाकोळ्या, काळ्या पावसासारख्या, माझ्या डोक्यावर गोल गोल. मी बार काढले. त्या फुटल्या आणि परत जुळल्या. मी बावटा हलवला, टोपी हलवली, ओरडलो. इतक्या जवळून गेल्या की गालाला वारा लागत होता. एकीनंही मला चोच मारली नाही. पळतही नव्हत्या. आनंदात होत्या.

विमान आलं. चाकं खाली. खिडक्या दिसायला लागल्या. मी धावपट्टीच्या कडेनं उजव्या गुडघ्याची पर्वा न करता धावत होतो, आणि सगळा थवा माझ्यावरून परत स्पीकरकडे.

विमान न टेकताच वर गेलं. तो आवाज मात्र मला ऐकू आला.

एक फेरा मारून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वर गेलं. मग वळलं आणि बांजारमासिनच्या दिशेनं लहान होत गेलं. कुंपणाशी जुमरिया डबा हातात धरून उभी होती. आकाशात काही उरलं नव्हतं तरी बघत होती.

आत्ता नोरचा फोन आला. सुखरूप आहे, पोटातलंही सुखरूप. सासरी परत गेली. जुमरियानं तिचं बोलणं सांगितलं: आई, मला घराचं छप्पर दिसलं. नदी दिसली. अबाह दिसले, पाखरांच्या मधोमध उभे राहून टोपी हलवत होते. मला वाटलं, माझ्या स्वागतासाठीच इतकी पाखरं जमवलीत.

जुमरिया हे सांगून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. कालवण तसंच आहे.

३० ऑगस्ट

जिल्ह्याहून तपासणीसाठी एक बाई आल्या, इबू योसेफिन. बुटक्या, चष्मा, पायात बूट चिखलाचे. धावपट्टीवर चालत स्पीकरपर्यंत गेल्या आणि मान वाकडी करून उभ्या राहिल्या. मग हसल्या. मोठ्यानं आणि स्पष्ट बोलत होत्या, म्हणून सगळं कळलं.

म्हणाल्या, काई, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझ्या दिराची पाकोळ्यांची तीन घरं आहेत, जेवताना, झोपताना हाच असतो कानात. ही बोलावण्याची हाक आहे. तुम्ही चोवीस दिवस धावपट्टीवर पाकोळ्यांना जेवायला बोलावताय.

पेन ड्राइव्ह काढून हातात धरला. काळा दोरा. विचारलं, घरी काय लावलंय? मी म्हणालो, पांढरा.

त्या काही बोलल्या नाहीत. साहेबही काही बोलले नाहीत. अठ्ठावीस वर्षांत दोघं साहेब एकाच वेळी गप्प राहिले असं पहिल्यांदाच झालं, आणि ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

बाई जाताना म्हणाल्या, तरी एक बरं, तुमच्या तोफेमुळे त्या धावपट्टीवर उतरून बसल्या तरी नाहीत. ही शाबासकीच म्हणायची.

दोऱ्याची चूक आहे. दोरा ओला झाला की रंगांचा अर्थ बदलतो.

असं लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. असू दे.

३१ ऑगस्ट

विमान बंद, जानेवारीपर्यंत. माझी बदली पार्किंगच्या फाटकावर. काम सोपं: हॉर्न ऐकू आला की फाटक उघडायचं. विमानच नाही म्हणून गाड्याही नाहीत. आज एक आली होती म्हणे. बराच वेळ थांबून गेली.

रुसमीनानं भजी आणून दिली, न मागता. म्हणाली, काई, खा, आता कशाला लाजता. दोन खाल्ली. चव लागली नाही. संकल्प आपोआप पुरा होतोय.

२ सप्टेंबर

जुमरिया बसनं बांजारमासिनला गेली. अकरा तास. मी म्हणालो, या वयात त्या रस्त्यानं? ती म्हणाली, पोरगी येऊ शकत नाही, मी जाऊ शकते. पिशवीत सुके मासे, तेलाची बाटली आणि वर ती पिवळी झोळी. बाळ झाल्यावर चाळीस दिवस तिथेच राहणार.

बस सुटताना खिडकीतून ती काहीतरी म्हणाली. इंजिन चालू होतं. मी मान डोलावली. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग बस वळली. कशाला हो म्हणालो ते माहीत नाही.

४ सप्टेंबर

दोन्ही पेन ड्राइव्ह हातात धरून बराच वेळ बसलो. मग काळा माडीवर लावला. फक्त बघायला.

५ सप्टेंबर, संध्याकाळ

आल्या! भोकातून एक, मग दोन, मग सात. तुळईला लटकल्या. शिडीवर बसून बघत राहिलो. सांगायला घरात कुणी नाही. रुसमीनाला हाक मारली, ती शिडीखाली येऊन म्हणाली, अभिनंदन काई, आता यांनाच घ्या मांडीवर.

नोटीस काढून पाहिली. खाली माझीच सही, दोनदा. माडीच्या भोकातून धावपट्टी सरळ समोर दिसते. मशीद आणि तळं मध्ये कुठेच येत नाही.

स्पीकर बंद केला.

८ सप्टेंबर

तीन दिवस विटा काढतोय. पाकोळ्या पहिल्या दिवशीच गेल्या. आज खिडकी उघडली, खोलीत ऊन आलं. शिवणाच्या मशीनवरची धूळ पुसली. तुळईला झोळीसाठी आकडा ठोकला, लोंबकळून पाहिला, माझं वजन पेलतो. मांजर आत येऊन उन्हात झोपलंय.

इथेच पत्राचा मजकूर लिहून घेतो, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

चि. नोर आणि सौ. जुमरिया,

नोर, पायांची सूज कशी आहे? बाळ लाथा मारतं का? जावई कसे आहेत, सासूबाईंची कंबर कशी आहे? जुमरिया, प्रवासानं पाठ धरली का? इथे मी, दोन्ही गुडघे, मांजर आणि छत्तीस बगळे ठीक आहोत. मोटरसायकल खोकते.

जानेवारीत विमान सुरू होईल. तेव्हा बाळ तीन महिन्यांचं असेल, त्याला घेऊन या. वरची खोली मोकळी आहे, खिडकीतून वारा येतो. पुस्तक लिहिणं सोडलं, पण वेलबुट्टी चांगली आली होती, ती बाळाला दाखवीन. धावपट्टीवर पक्षी हाकायला आता दुसरा माणूस आहे. त्याचे कान चांगले आहेत.

जुमरिया, बस सुटताना तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. आलं असं मी दाखवलं. नर्सनं दिलेला कागद काल साहेबांकडे नेऊन दिला. परवापासून रोज फोन वाजतो, मी उचलतो, तुमच्यातलंच कुणीतरी बोलत असतं आणि मी हो हो म्हणतो. तू शेजारी नसलीस की मला त्यातलं काही कळत नाही.

म्हणून फोन करू नका. लिहा. तू काय म्हणाली होतीस ते आधी लिही, बाकीचं नंतर. लवकर लिही. अक्षर मोठं काढ.